मुठीचा जोर आणि त्याची साक्ष

बळाचें माप आपल्या भाषेंत बहुधा मुठीनें आणि मनगटानेंच घेतलें जातें. मनगटांत जोर असलेला पुरुष, मुठींत ठेवलेला कारभार, वज्रमूठ, हातांतून निसटलेला प्रसंग, हे सर्व वाक्प्रचार एकाच समजुतीचे साक्षी आहेत. मनुष्याचें सामर्थ्य कोठेंहि सांठलेलें असो, अखेर तें त्याच्या पंजांत येऊन ठरतें, ही ती समजूत होय. छाती, पाठ आणि मांड्या हीं बळाचीं कोठारें खरीं; परंतु त्या कोठारांतील माल बाहेर यावयाचा तो बोटांच्याच दारानें. भारती युद्ध संपल्यावर भीम म्हणून पुढें केलेला लोखंडी पुतळा अंध धृतराष्ट्रानें मिठींत चुरडून टाकला, अशी महाभारतांत कथा आहे. ज्या राजास आयुष्यभर डोळ्यांनीं कांहीं करतां आलें नाहीं, त्याचा सारा क्रोध शेवटीं त्याच्या हातांतून बाहेर पडला.

जत्रेंत किंवा सर्कशींत बलवान् पुरुषांचे प्रयोग पाहतांना प्रेक्षकांच्या मनांत दोन वृत्ति झगडत असतात. एक आश्चर्याची व दुसरी संशयाची. सांखळी खरोखर तुटली, कीं तिची एक कडी अगोदरच कानशीनें झिजविलेली होती? गोळा लोखंडाचा होता, कीं आंतून पोकळ? हा संशय कोणी क्षुद्र मानूं नये. शक्ति ही अशी वस्तु आहे कीं ती ज्याच्याजवळ आहे त्यालाच तिचा अनुभव. इतरांस केवळ तिच्या परिणामांवरून अनुमान करावें लागतें, आणि परिणाम तर लबाडीनेंहि घडवून आणतां येतो. म्हणून बळाचा इतिहास हा पुष्कळ अंशीं साक्षीपुराव्याचा इतिहास आहे. त्यांतील कांहीं प्रकरणें येथें सांगावयाचीं आहेत, आणि त्यांतहि प्रामुख्यानें हातांच्या आणि मुठींच्या बळाचीं.

अठराव्या शतकाच्या आरंभीं लंडनांत फॉन एकेनबर्ग नांवाचा एक जर्मन बलवान् आला. ‘सॅमसन’ हें बायबलांतील वीराचें नांव त्यानें धारण केलें होतें. तो कमरेस पट्टा बांधून व पाय खांबास टेंकून बसे आणि पट्ट्याच्या दोराला जुंपलेल्या घोड्यांस त्याला हलवितां येत नसे. चौकटीवर उभा राहून कमरेच्या सांखळीनें तो तोफ तोलून धरी. पोटावर ऐरण ठेवून तिच्यावर घणाचे घाव घेई. लंडनचे लोक वेडे झाले. या गर्दींत डॉ. जॉन थिओफिलस डेसाग्युलिए हा एक विद्वान् गृहस्थहि होता. याचा जन्म १६८३ सालीं फ्रान्समधील ला रोशेल येथें प्रॉटेस्टंट कुटुंबांत झाला; धर्मच्छळामुळें तें कुटुंब इंग्लंडांत आलें. पुढें हा न्यूटनचा साहाय्यक व रॉयल सोसायटीचा प्रयोगदर्शक झाला. तरफ, कप्पी, उतरण यांचीं सूत्रें सामान्य जनांस प्रयोगांनीं समजावून सांगणें हाच त्याचा व्यवसाय. अशा मनुष्यानें एकेनबर्गचा खेळ पाहिला तो तरफेचा आणि कमानीचा प्रयोग म्हणूनच पाहिला.

त्याचा निर्णय त्यानें आपल्या ‘प्रायोगिक तत्त्वज्ञाना’वरील ग्रंथांत नमूद केला आहे, ग्रंथाचा पहिला भाग १७३४ सालीं प्रसिद्ध झाला. तो म्हणतो त्याचा मथितार्थ असा: पाय ताठ ठेवून कमरेच्या हाडांवर पट्टा घेतला असतां ओढीचा सारा भार मांडीचीं हाडें आणि कटीची हाडांची कमान यांवर पडतो. हाडें दाबाला खांबासारखीं टिकतात. स्नायूंना फारसें कांहीं करावें लागत नाहीं. योग्य आसनांत बसविला तर बेताच्या बळाचा मनुष्यहि तें करूं शकेल. ऐरणीचें रहस्य त्याहून सोपें, कारण ऐरण जितकी जड तितका घणाचा आघात तिच्यांतच जिरतो. थोडक्यांत, एकेनबर्ग लबाड नव्हता, परंतु लोक त्याला समजत होते तसा राक्षसहि नव्हता. तो चांगला वास्तुशिल्पी होता. फक्त इमारत त्यानें स्वतःच्या हाडांची उभारली होती. पुढें हा गृहस्थ बर्लिनला गेला व प्रशियाच्या राजाच्या आश्रयानें नाटकमंडळी चालवूं लागला, हें त्याच्या प्रकृतीस धरूनच झालें.

या पार्श्वभूमीवर टॉमस टॉपम याची गोष्ट वाचली पाहिजे. टॉपम हा लंडनच्या एका सुताराचा मुलगा. जन्म १७१० च्या सुमाराचा. स्वतः सुतारकाम शिकला व पुढें मद्याचें दुकान चालवूं लागला. उंची पांच फूट दहा इंच, म्हणजे कांहीं विशेष नाहीं. डर्बी येथें त्याला पाहिलेल्या विल्यम हटन या इतिहासकारानें लिहून ठेवलें आहे कीं, इतरांच्या अंगावर कांखेंत व गुडघ्याच्या मागें जी पोकळी असते ती याच्या अंगावर स्नायूंनीं भरून आलेली होती. डेसाग्युलिएनें त्याला तपासलें तेव्हां त्याच्या लक्षांत आलें कीं येथें प्रकार निराळा आहे. या मनुष्यास तरफेचें अगर कमानीचें ज्ञान तिळमात्र नाहीं. एकेनबर्ग जें युक्तीनें करी तें हा निव्वळ बळानें करूं पाहतो, आणि तेंहि चुकीच्या आसनांत! दोन घोड्यांविरुद्ध ओढतांना याच कारणानें त्याच्या गुडघ्यास जबर दुखापत झाली व तो पायानें अधू झाला. नीट बसता तर चार घोड्यांनाहि दाद देता ना, असें डेसाग्युलिएनें हळहळून लिहिलें आहे.

परंतु ज्या प्रयोगांत आसनाची युक्ति चालत नाहीं ते प्रयोग म्हणजे हातांचे. तेथें टॉपमची बरोबरी करणारा कोणी दिसेना. ३ एप्रिल १७३७ रोजीं डॉ. डेसाग्युलिए व आणखी कांहीं गृहस्थ यांच्यासमक्ष त्यानें कठीण प्यूटरचें, म्हणजे कथिलप्रधान मिश्र धातूचें, एक मोठें ताट दोन्ही हातांच्या बोटांनीं कागदासारखें गुंडाळून दाखविलें. पकड निसटूं नये म्हणून बोटांना कोळशाची राख तेवढी लावली होती. हें ताट ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहांत आहे. त्याच्यावर तारीख, टॉपमचें नांव, त्याचा सुतारकीचा धंदा आणि साक्षीदारांचीं नांवें कोरलेलीं आहेत. एखाद्या दस्तऐवजावर साक्षी घालाव्या त्याप्रमाणें त्या विद्वान् मंडळीनें त्या ताटावर साक्षी घातल्या!

डेसाग्युलिएनें दिलेली टॉपमच्या प्रयोगांची यादी आजहि वाचावी अशी आहे. सुमारें आठशें पौंडांचा दगडी रूळ त्यानें चौकटीवर उभें राहून सांखळीस धरून केवळ हातांनीं उचलला. सुमारें वारभर लांबीची, तीन इंच घेराची चुलींतील लोखंडी सळई उजव्या हातांत धरून त्यानें ती डाव्या उघड्या हातावर, मनगट व कोपर यांच्या मध्यें, इतकी आपटली कीं ती जवळजवळ काटकोनांत वांकली. दुसरी तशीच सळई मानेमागें धरून दोन्ही टोंकें समोर एकत्र आणलीं आणि, याहून अवघड म्हणजे, ती पुन्हां जवळजवळ सरळ केली. मातीच्या चिलमीच्या नळीचे आंखूड व मजबूत तुकडे त्यानें तर्जनी आणि अनामिका यांवर आडवे ठेवून मधल्या बोटाच्या दाबानें मोडले. आणि चिलमीची वाटी दोन बोटांच्या मध्यें आडवी दाबून फोडली.

सामान्य प्रेक्षक या यादींतून आठशें पौंडांचा रूळ लक्षांत ठेवील. आमच्या मतें मात्र त्या चिलमीच्या नळ्यांचें महत्त्व अधिक आहे. बोटें मिटविणारे मुख्य स्नायु हाताच्या पंजांत नसतातच. ते कोपराखालच्या भागांत असतात आणि तेथून लांब दोऱ्यांप्रमाणें कंडरा मनगटाच्या अरुंद बोगद्यांतून बोटांच्या टोंकांपर्यंत जातात. कठपुतळीचा सूत्रधार पडद्यामागें असावा तसा हा प्रकार आहे. वजन उचलतांना मांड्या, कंबर व पाठ हीं सर्व मदतीस येतात. पण एका बोटानें दाबावयाचें असतां मदतीस कोणीच येत नाहीं. तो स्नायु आणि ती कंडरा यांना एकट्यांनींच काम उरकावें लागतें. म्हणून बोटाचें बळ हें उसनें आणतां येत नाहीं, आणि चांगल्या परीक्षकाला तेंच सर्वांत विश्वासार्ह वाटतें. बाजारांत विकत मिळणारी चिलमीची नळी कोणी अगोदर झिजवून ठेवीत नाहीं, ही गोष्टहि डॉक्टरांच्या ध्यानांत आली असली पाहिजे.

डर्बीच्या मुक्कामाचे हटननें दिलेले किस्से जरा रंगविलेले वाटतात, परंतु त्यांतून त्या मनुष्याचा स्वभाव दिसतो. प्यूटरचा पेला हात लांब करून अंड्याच्या टरफलासारखा चेपणें, दोन हंड्रेडवेटांचें वजन करंगळीनें डोक्यावर झुलविणें, सत्तावीस स्टोन वजनाच्या धर्मोपदेशकास एका हातानें उचलणें, हे प्रयोग त्यानें तेथें केले. खानावळींतील घोडेवाल्यानें त्याचा अपमान केला, तेव्हां त्यानें चुलीवरील लोखंडी सळई घेऊन त्याच्या गळ्याभोंवतीं रुमालासारखी गुंडाळली व त्याला तसाच मिरवूं दिला. मारहाण मात्र केली नाहीं. गाणेंहि म्हटलें, पण तो आवाज गोड असण्यापेक्षां भयंकरच अधिक होता, असा हटनचा अभिप्राय आहे. पुढें २८ मे १७४१ रोजीं नौसेनापति व्हर्नन याच्या पोर्टो बेल्लो येथील विजयाच्या सन्मानार्थ लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्समध्यें टॉपमनें पाण्यानें भरलेलीं तीन पिंपें उचललीं. वजन अठराशें पौंडांहून अधिक. त्या दृश्याचें चित्र छापून विकलें गेलें आणि टॉपमचें नांव आज सांगितलें जातें तें या प्रयोगासाठीं. परंतु तो भार खांद्यांवरील पट्ट्यांनीं उचललेला होता. म्हणजे शेवटीं त्यालाहि एकेनबर्गच्याच वाटेनें जावें लागलें. लोकांना पिंपें दिसतात, बोटें दिसत नाहींत. या बलाढ्य मनुष्याचा शेवट करुण झाला. पत्नीच्या वर्तनाच्या संशयानें संतापून ऑगस्ट १७४९ मध्यें त्यानें तिच्यावर सुरीनें वार केले, नंतर स्वतःवर केले, आणि त्या जखमांनीं तो एक-दोन दिवसांत मरण पावला.

ताटावर साक्षी घालून एक प्रयोग सिद्ध होतो. पण दोन माणसांच्या मुठींची तुलना करावयाची तर यंत्र पाहिजे. घड्याळजी जॉर्ज ग्रॅहम व डेसाग्युलिए यांनीं तसें एक यंत्र केलें होतें, परंतु तें अवजड होतें. १७९८ सालीं फ्रान्समध्यें एद्म रेन्ये यानें पोलादी कमानीचें सुटसुटीत बलमापक काढलें. बुफाँ या प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञाच्या इच्छेवरून तो या उद्योगास लागला होता. कमान मुठींत धरून दाबावयाची. तबकडीवर कांटा फिरून आंकडा दाखवितो. यंत्र निरुपद्रवी होतें. त्याचा पहिला मोठा उपयोग मात्र तसा राहिला नाहीं.

१८०० ते १८०४ या काळांत बोदँ याच्या नेतृत्वाखालीं फ्रेंच गलबतें ऑस्ट्रेलियाच्या शोधास गेलीं. त्यांवर फ्रान्स्वा पेराँ हा तरुण निसर्गशास्त्रज्ञ होता आणि त्याच्या सामानांत रेन्येचें बलमापक होतें. रानटी मनुष्य हा सुधारलेल्या मनुष्यापेक्षां बळकट असतो, हें रूसोच्या अनुयायांचें मत खरें कीं खोटें, याचा निकाल त्यास लावावयाचा होता. टास्मानियांतील व ऑस्ट्रेलियांतील मूळ रहिवासी, तिमोर बेटांतील लोक, आणि तुलनेसाठीं फ्रेंच व इंग्रज यांच्याकडून त्यानें ती कमान दाबवून घेतली. टास्मानियाच्या लोकांची सरासरी सुमारें पन्नास किलोग्रॅम, फ्रेंचांची एकोणसत्तरच्या आसपास, इंग्रजांची एकाहत्तरच्या आसपास भरली. झालें! सुधारणेबरोबर बळ वाढतें, असा सिद्धांत छापून निघाला आणि युरोपांत तो आवडीनें वाचला गेला.

या हिशेबांतील दोष आज शाळेंतील मुलासहि दाखवितां येतील. माणसें मोजकीच तपासलेलीं. ज्यांच्या किनाऱ्यावर परकी गलबतें अचानक येऊन उभीं राहिलीं, त्या लोकांस हें चकाकतें पोलादी यंत्र काय आहे व तें कां दाबावयाचें, हें कसें कळावें? सर्व जोर लावून दाबा, असें त्यांना कोणत्या भाषेंत सांगितलें? खलाशी मात्र दोरखंड ओढून मुठी कमावलेले, आणि आपल्या राष्ट्राची लाज राखण्यासाठीं दांतओंठ खाऊन दाबणारे. बेल्जियमचा संख्याशास्त्रज्ञ केतले यानें १८३५ च्या आपल्या ग्रंथांत आणखी एक मर्म दाखविलें. पंजाचा आकार जसा असेल तशी त्या कमानीवरची पकड बदलते, म्हणून निरनिराळ्या आकाराच्या हातांचे आंकडे सरळ एकमेकांशेजारीं मांडतां येत नाहींत. हें सर्व खरें असूनहि पेराँचे आंकडे दीर्घकाळ उद्धृत होत राहिले. त्या शतकांत जित राष्ट्रांच्या दुबळेपणाविषयीं जें बोललें गेलें, तें ऐकून आपल्याकडे तालमी काढण्याची जी ईर्षा उत्पन्न झाली, ती ध्यानांत घेतली म्हणजे एका पोलादी कमानीचा आंकडा किती दूर जाऊं शकतो याची कल्पना येते.

येथें थोडें पुढें जाऊन एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. १८८४ सालीं लंडनच्या आरोग्यप्रदर्शनांत फ्रान्सिस गाल्टन यानें तीन पेन्स घेऊन लोकांचीं मोजमापें घेण्याची प्रयोगशाळा उघडली. तींत ९३३७ माणसें येऊन गेलीं आणि त्यांच्या मुठीचा दाबहि नोंदला गेला. वंशाच्या उच्चनीचतेचा छंद गाल्टनलाहि होताच. परंतु २०१५ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत सतरा देशांतील सुमारें १ लक्ष ४० हजार लोकांच्या मुठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत भारतीयहि होते. मुठीचा जोर पांच किलोंनीं कमी असला तर पुढील कांहीं वर्षांत मृत्यूचा धोका सोळा टक्क्यांनीं अधिक आढळला. आणि रक्तदाबापेक्षां मूठच या बाबतींत अधिक खरें भविष्य सांगते, असें दिसून आलें. गरीब देशांतील लोकांची सरासरी पकड श्रीमंत देशांतील लोकांपेक्षां कमी भरली. पेराँला जी रेषा सुधारलेला व रानटी यांच्यामध्यें दिसली होती ती येथें पुन्हां दिसते, पण या वेळीं ती पोटभर जेवणारा व अर्धपोटीं राहणारा यांच्यामध्यें पडली असावी, असें आम्हांस वाटतें. यंत्र बहुतेक तेंच. विचारणाऱ्याचा प्रश्न बदलला कीं उत्तराचा अर्थ बदलतो.

पुन्हां बलवानांकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बलमापक हें शास्त्रज्ञाच्या पेटींतून निघून रस्त्यावर आलें. नाणें टाकून जोर अजमावण्याचीं यंत्रें युरोपच्या शहरांत जागोजाग बसलीं. युजेन सँडो यानें या यंत्रांचा जो उपयोग केला तो मोठा मौजेचा आहे. याचा जन्म १८६७ सालीं प्रशियांतील केनिग्सबर्ग येथें झाला. खरें नांव फ्रीडरिश म्युलर. तरुणपणीं ॲम्स्टरडॅमला हा काम शोधीत फिरत होता आणि कोणी रंगभूमीवर घेईना. तेव्हां एका रात्रीं गाडी करून तो शहरभर हिंडला आणि प्रत्येक यंत्रांत नाणें टाकून त्याची मूठ अशी ओढली कीं यंत्रच मोडून पडलें. पुन्हां बसविलीं, पुन्हां मोडलीं. पोलिसांस वाटलें कांहीं गुंडांची टोळी आहे. शेवटीं हा एकटाच सांपडला. मी पैसे टाकले आणि सांगितल्याप्रमाणें ओढलें, यांत गुन्हा कोणता, असें त्यानें विचारलें! दुसऱ्या दिवशीं सारें शहर त्याला ओळखत होतें. ही कथा सँडोनें स्वतःच सांगितलेली आहे, तेव्हां तींतलें थोडें मीठमसाल्याचें माप वाचकांनींच ठरवावें.

२ नोव्हेंबर १८८९ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागांतील रॉयल ॲक्वेरियम या नाट्यगृहांत जो सामना झाला तो मात्र अनेकांनीं पाहिलेला व वृत्तपत्रांनीं नोंदलेला आहे. तेथें चार्ल्स सॅम्सन नांवाचा बलवान् हातानें लोखंड वांकविण्याचे, दंडावर बांधलेली सांखळी दंड फुगवून तोडण्याचे प्रयोग रोज करीत असे. जो कोणी माझे प्रयोग करून दाखवील त्यास पांचशें पौंड देईन, असें त्याचें आव्हान होतें. त्याचा शिष्य सायक्लॉप्स याला सँडोनें कांहीं दिवसांपूर्वींच हरविलें होतें. आतां गुरूची पाळी. मुष्टियुद्धाच्या नियमांस ज्याचें नांव आहे तो क्वीन्सबरीचा मार्क्विस व लॉर्ड डी क्लिफर्ड हे पंच म्हणून बसले. सॅम्सननें लोखंडी नळी पायावर, हातावर आपटून वांकविली, सँडोनेंहि वांकविली. छातीभोंवतीं गुंडाळलेली तारेची दोरी तोडली; सँडोनेंहि तोडली. मग सांखळीची वेळ आली.

येथेंच साक्षीपुराव्याचा प्रश्न पुन्हां उभा राहिला. सॅम्सनची सांखळी सॅम्सनच्या दंडाच्या मापाची. ती सँडोच्या जाड दंडाभोंवतीं बसेना. सॅम्सन विजयाच्या आनंदानें हंसूं लागला. पण सँडोनें हा डाव ओळखून आपल्या मापाची सांखळी अगोदरच करवून आणली होती. ती सॅम्सनच्या सांखळीइतकीच मजबूत आहे, अशी कारागिराकडून ग्वाही मिळाली आणि पंचांनीं ती तपासली. सँडोनें ती दंडावर चढविली, दंड वांकविला, आणि सांखळी तुटली. सॅम्सन तणतणत निघून गेला. पांचशें पौंड मात्र कधीं मिळाले नाहींत. शेवटीं नाट्यगृहाच्या चालकांकडून साडेतीनशें पौंड घेऊन प्रकरण मिटविलें, असें सँडो सांगतो. या एका रात्रीनें तो जगप्रसिद्ध झाला.

तथापि या सामन्यांतील प्रयोग एकंदरींत कितपत मोलाचे? दंडावरची सांखळी तुटते ती कड्यांच्या बारीकपणावर अवलंबून, आणि तो बारीकपणा प्रेक्षकांस दुरून दिसत नाहीं. सॅम्सनचें आव्हान इतके दिवस टिकलें त्यांत बळापेक्षां सांखळीच्या मापाचाच भाग अधिक असावा. डेसाग्युलिए तेथें असता तर त्यानें दोघांच्याहि हातांत चिलमीची नळी दिली असती.

यानंतरच्या पिढींत इंग्लंडांतच टॉमस इंच हा निघाला. स्कार्बरो येथें १८८१ सालीं जन्मलेला हा मनुष्य १९६३ पर्यंत जगला. त्याचें नांव राहिलें आहे तें एका डंबेलमुळें. वजन सुमारें १७२ पौंड. बळकट मनुष्यास दोन्ही हातांनीं तें कांहींच नाहीं. पण त्याची दांडी सव्वादोन इंचांहूनहि जाड आहे आणि दांडी व गोळे हे सर्व एकसंध ओतलेलें. एका हातानें धरूं गेलें असतां आंगठा व बोटें एकमेकांस भेटत नाहींत. आणि डंबेल जमिनीवरून किंचित् उठतांच तें पंजांत गोल फिरूं लागतें व बोटें उलगडतात. पाठीचा आणि मांड्यांचा जोर येथें फुकट जातो. जो कोणी एका हातानें उचलील त्यास दोनशें पौंड बक्षीस, असें इंचनें जाहीर केलें. त्या काळचे मोठमोठे मल्ल येऊन हात चोळीत परत गेले. मूठ झांकली सव्वा लाखाची, ही म्हण या डंबेलइतकी अक्षरशः क्वचितच लागू पडली असेल! परंतु येथेंहि एक मेख आहे. पुढें शोध घेणाऱ्यांस आढळून आलें कीं इंचजवळ अगदीं तशाच दिसणाऱ्या, पण निरनिराळ्या वजनांच्या डंबेलांचा संचच होता. तेव्हां रंगमंचावर प्रत्येक प्रसंगीं त्यानें उचललें तें कोणतें, हा वाद अभ्यासकांत रंगला. आव्हान देणारा खरा बलवान् असूनहि पेटींत हलकें जोडीदार बाळगतो, ही मनुष्यस्वभावाची गंमत आहे. आज त्या डंबेलच्या प्रतिकृति ओतून निरनिराळ्या देशांतील पकडीच्या स्पर्धांत ठेवतात. वजन व जाडी सर्वांस ठाऊक, आणि तें उचलणारे पुष्कळ निघाले आहेत.

या स्पर्धांचा प्रकार पाहण्यासारखा आहे. अमेरिकेंत आयर्नमाइंड या संस्थेनें १९९१ पासून मुठीनें मिटावयाच्या पोलादी कमानीच्या चिमट्यांसाठीं प्रमाणपत्रें देण्यास आरंभ केला. तिसऱ्या क्रमांकाचा चिमटा सुमारें २८० पौंडांचा, चवथा ३६५ पौंडांचा. चवथा मिटविल्याचें पहिलें प्रमाणपत्र १९९८ सालीं ज्यो किनी यास मिळालें. रेन्येची कमान येथें पुन्हां भेटते. फरक इतकाच कीं चिमटा मोहोरबंद पाकिटांतून येतो आणि मिटवितांना साक्षीदार समोर लागतो. गोल फिरणाऱ्या जाड मुठीनें वजन उचलण्याचा एक प्रकार आहे. लोखंडाच्या गुळगुळीत तबकड्या केवळ बोटांच्या चिमटींत धरून उचलण्याचा दुसरा. मुठीची दांडी मुद्दाम फिरती ठेवतात ती यासाठीं, कीं बोटें अडकवून ठेवण्याची युक्ति चालूं नये. एकेनबर्गचें शास्त्र या मंडळींनीं पुरतें बाहेर घालविलें आहे.

आपल्याकडे सँडो १९०४-०५ च्या सुमारास येऊन गेला आणि त्याच्या डंबेलांचा प्रसार शहरांतील सुशिक्षित वर्गांत झाला. आंध्रांतील कोडी राममूर्ति यांचे छातीवर हत्ती घेण्याचे व मोटारी रोखण्याचे प्रयोग देशभर गाजले. हे प्रयोग हाडांच्या कमानीच्या जातीचे आहेत असें म्हटल्यानें राममूर्तींचें बळ कमी होत नाहीं. परंतु पकडीचें खरें शिक्षण आपल्याकडे निराळ्या ठिकाणीं होतें. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील ग्रंथांत मल्लांच्या मेहनतीचे प्रकार दिले आहेत. त्यांत भार उचलण्याच्या श्रमाबरोबर स्तंभश्रम हाहि एक प्रकार सांगितला आहे. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभट दादा देवधर यांनीं मल्लखांबाचें पुनरुज्जीवन केलें तें या स्तंभश्रमाचेंच नवें रूप, असें पुष्कळांचें मत आहे. तेल लावलेल्या खांबावर किंवा नुसत्या वेतावर अंग तोलणाऱ्या मुलाच्या बोटांची जी परीक्षा होते ती इंचच्या डंबेलपेक्षां सौम्य नव्हे. शिवाय तेथें डंबेल म्हणजे त्या मुलाचें स्वतःचें शरीर, आणि त्याचें वजन लपवितां येत नाहीं.

आणि केवळ हाताच्या बळाचा मेळावा पाहावयाचा तर महाराष्ट्रांत तो दर वर्षीं जेजुरीस भरतो. विजयादशमीच्या रात्रीं खंडोबाच्या पालखीची कडेपठारच्या देवाशीं भेट झाल्यावर गडावर खंड्याची कसरत होते. खंडा म्हणजे पानसे बंधूंनीं देवास वाहिलेली भली मोठी तलवार. वजन सुमारें ४२ किलो. ती एका हातानें तोलून धरावयाची. कोणी दांतांत धरूनहि उचलतात. पंचक्रोशींतील शेतकरी, तालमींत जाणारीं पोरें, देवाचे मानकरी असे सर्व लोक पाळीनें पुढें येतात. तलवारीच्या मुठीवर हात बसला कीं सेकंद मोजले जातात. प्रत्येकाला वजन तेंच, मूठ तीच, आणि ती कोणी आपल्या मापाची करवून आणूं शकत नाहीं. भंडाऱ्यानें बोटें पिवळीं झालेलीं असतात. टॉपमनें लावलेल्या राखेचें काम तो भंडारा करतो कीं उलट पकड निसटवितो, हें त्या पोरांनाच विचारलें पाहिजे. सभोंवारचा समाज बोटांकडे टक लावून उभा असतो. मनगट कांपूं लागलें कीं सर्वांस एकदम दिसतें, आणि तलवारीचें टोंक खालीं झुकलें कीं पुढच्याचें नांव पुकारलें जातें.